आरतीचं वेळापत्रक

वेळापत्रक बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत बसून मी मालगाड्यांच्या वेळा जुळवतो आणि गाडी उशिरा आली की कोणाच्या तरी नावाने खडे फोडतो. घरीही मी तसाच वागतो, असं बायकोचं म्हणणं आहे. तिचं खरं असावं, कारण तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी लेकीबद्दल सांगितलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला होता, "किती दिवसांत बरं होईल?"

बरं होण्यातलं ते नव्हतंच. बदली होऊन आम्ही इकडे बंगालात, बेहाला भागात राहायला आलो त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आठ वर्षांची पोर घटाघटा पाणी पिऊ लागली, वाळली, शाळेतून आली की दप्तरासकट झोपू लागली. तिच्या शरीराने इन्सुलिन बनवणं थांबवलं होतं. आता ते बाहेरून द्यायचं, रोज, जन्मभर. गावाकडून फोन आले. कोणी कारल्याचा रस सुचवला, कोणी मेथ्या. एका नातेवाइकांनी तर "तिथली मिठाई फार खाल्ली असेल" असं निदानच करून टाकलं. मी फोन आपटला. त्या घराशी माझं बोलणं पुढे चार महिने बंद होतं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक माशीमा राहतात. बंगालीत माशीमा म्हणजे मावशी. वय पंचाहत्तरच्या पुढे, एकट्या, जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. लेकीला पहिल्यांदा इंजेक्शन द्यायचं होतं, तेव्हा त्यांनी वर येऊन तिला समजावलं होतं की पूर्वी हे औषध जनावरांच्या शरीरातून काढावं लागायचं, आणि आता माणसाच्या शरीरातली कृती सूक्ष्मजीवांना शिकवून त्यांच्याकडून ते करून घेतात. पोरीला ते इतकं आवडलं की तिने बाटलीतल्या अदृश्य जीवांचे आभार मानूनच दंड पुढे केला. मला तेव्हा वाटलं होतं, इथे जीव टांगणीला लागलाय आणि या बाई धडे घेतायत.

मग सेन्सर आला. दंडावर नाण्याएवढी चकती, तिच्याखाली कातडीत केसाएवढी तार. दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा पोरीच्या फोनवर येतो आणि तिथून आमच्या फोनवर. सोबत एक बाण असतो, साखर चढतेय की उतरतेय ते सांगणारा. दिवसातून सात-आठ वेळा बोट टोचणं संपलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण पोर त्या कुशीवर झोपली की चकती दाबली जायची आणि साखर पडल्याचा खोटा गजर व्हायचा. मी ओरडत उठायचो. मी त्या यंत्राचं नाव खोटारडं ठेवलं.

त्यातच बायकोने माझ्या अपरोक्ष माशीमांच्या फोनवरही ते आकडे सुरू करून दिले. "घरात कोणी नसलं तर निदान त्या तरी बघतील," ती म्हणाली. मला ते अजिबात पटलं नाही. मी कचेरीत बैठकीत असायचो आणि फोन यायचा.

"बाबा, मेये ने क्या खाया? एक सौ नब्बे!"

मेये म्हणजे मुलगी, आणि बाबा म्हणजे मी. बंगाली म्हातारी माणसं धाकट्यांना प्रेमाने बाबा म्हणतात. मला त्या वेळी प्रेम कमी आणि चौकशी जास्त ऐकू यायची.

मागच्या वर्षीचा गणपती. आमचं इथलं मराठी मंडळ लहान आहे. बँकेतले, सरकारी खात्यांतले, थोडे संगणक कंपन्यांतले. घरापासून तीन गल्ल्या पलीकडे एका हॉलचा दुसरा मजला आम्ही घेतो. त्या वर्षी कार्यक्रम माझ्याकडे होता, म्हणजे वेळापत्रक आलंच. साडेबाराला आरती, पाऊणला नैवेद्य, बारा पंचावन्न नव्हे तर बरोबर बारा पन्नासला पहिलं पान. मी ते छापून दारावर चिकटवलं. शिवाय आरतीत कोणाचा फोन वाजू नये म्हणून दाराशी एक टोपली ठेवली. सगळ्यांनी फोनचा आवाज बंद करून तो त्यात टाकायचा. माझा पहिला, बायकोचा दुसरा.

पोरीचा फोन तिच्या कमरेच्या पिशवीत ठेवावाच लागतो, नाहीतर चकती बोलणार कोणाशी? तो सकाळीच एकदा उगीच कोकलला होता. मी त्यातले सगळे गजर एकेक करून शोधले आणि बंद केले. आणि जेवणाआधी पंधरा मिनिटं इन्सुलिन द्यायचं, या डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे बारा पस्तीसला मी तिला टोचलं. बारा पन्नासला पान होतं ना. मीच तर लिहिलं होतं.

आता, घरच्या आरतीला आमच्याकडे तीन आरत्या असतात. पण वर्षातून एकदा परमुलुखात जमलेली मराठी माणसं काय करतात, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची झाली. मग नागपूरकडच्यांनी त्यांची घेतली. कोल्हापूरकडचे मागे कसे राहतील? कोकणातल्यांनी अशी चाल लावली की एकेक ओळ श्वास संपेपर्यंत चालली. आपली आरती सोडायला एकही घर तयार नव्हतं, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी खायचं नाही, हे तर सांगायलाही नको. बायको आत मोदकांची ताटं लावत होती. मी घड्याळाकडे बघत मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होतो, पण टाळ्या वाजवत होतो.

एक वाजून गेला असेल. लेकीने माझा कुडता ओढला. "बाबा, मला भूक पावली."

ती इथेच वाढतेय, बंगालीतून मराठी बोलते. देव पावतो, भूक कशी पावेल, म्हणून आम्ही तिला नेहमी चिडवतो. मी हसून म्हणालो, "होतच आलंय. थांब जरा."

ती थांबली. मी पुढे बघत होतो, ती माझ्या मागे होती. टाळ्या वाजवता वाजवता ती खांबाला टेकली, हेही मला नंतर कोणीतरी सांगितलं.

सव्वा वाजायच्या सुमाराला दारात गडबड झाली. दोन जिने चढून माशीमा आल्या होत्या. आदल्याच दिवशी लेक त्यांना बोलवायला गेली होती, तेव्हा "दुसरा मजला माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही" असं म्हणून त्यांनी हात जोडले होते. धापा टाकत होत्या, पदर सुटलेला, पायात चपला तशाच. गर्दी कापत त्या थेट मूर्तीपर्यंत गेल्या, समोर ठेवलेल्या गूळ-खोबऱ्याच्या वाटीतला गूळ मुठीत घेतला, वळल्या आणि माझ्या मागे येऊन तो पोरीच्या तोंडात कोंबला.

झांजा थांबल्या. नैवेद्य अजून दाखवलेला नव्हता. मी रागाने वळलो. आणि मग मला लेकीचा चेहरा दिसला. पांढराफटक, ओठांवर घाम, डोळे माझ्याकडे पण मला न बघणारे. गूळ चघळायचंही तिला सुचत नव्हतं. माशीमा तिची हनुवटी धरून सांगत होत्या, "खाओ, शोना, खाओ."

मी तिच्या पिशवीतला फोन काढला. आकडा सत्तेचाळीस, बाण सरळ खाली.

मंडळातल्या सगळ्यात वयस्कर आजी खुर्चीवर बसल्या होत्या. कोणीतरी नैवेद्याबद्दल कुजबुजलं, तशा त्या कडाडल्या, "बाप्पाच्या आधी लेकराने खाल्लं तर बाप्पाचं काय बिघडलं? तिला पाणी द्या. आणि पुढची आरती छोटी घ्या."

आकडा लगेच वर येईना. मी पुन्हा गूळ घ्यायला धावलो, तर माशीमांनी हात धरून बसवलं. कातडीतला आकडा रक्ताच्या थोडा मागून चालतो, धीर धर, म्हणाल्या. पंधरा मिनिटं मी पोरीला मांडीवर घेऊन बसलो होतो. एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर रडतोय, याची मला अजिबात लाज वाटली नाही. मग ती म्हणाली, "बाबा, मोदक कधी?" तेव्हा बायकोने तिला हसून जवळ घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुढे आठवडाभर मी घरात आवाज चढवला नाही.

टोपलीतल्या माझ्या फोनवर माशीमांचे सहा कॉल होते, बायकोच्या फोनवर पाच. घरी बसून त्यांनी दर पाच मिनिटांनी आकडा घसरताना पाहिला होता. कोणी उचलेना, तेव्हा त्या सायकलरिक्षा करून निघाल्या.

जेवणं झाल्यावर मी त्यांच्या पायाशी बसलो. माफी कशी मागायची ते मला नीट येत नाही, सवय नाही. त्यांनी मला बोलूच दिलं नाही, स्वतःच सांगू लागल्या. त्यांचा एक धाकटा भाऊ होता, दहा वर्षांचा, त्याला हेच होतं. काचेची सिरिंज उकळून आई टोचायची. साखर किती आहे ते परीक्षानळीतल्या निळ्या पाण्यात लघवीचे थेंब टाकून, त्याच्या रंगावरून ताडायचं, तेही काही तासांपूर्वीची. एके दिवशी शाळेत बक्षीस समारंभ लांबला. डब्याची सुट्टी उशिरा झाली. सगळी मुलं रांगांमध्ये उन्हात उभी होती. तो पडला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. तो पुन्हा उठला नाही.

"हम भी उधर ही था," त्या म्हणाल्या. "तीन लाइन पीछे. पीछे से तो कुछ दिखता नहीं था, बाबा."

मी कोणापुढे सहसा वाकणारा माणूस नाही. पण त्या दिवसापासून ज्यांची नावंही मला माहीत नाहीत अशा माणसांचे मी मनापासून आभार मानतो. कोणीतरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं बसून त्या तारेला साखर ओळखायला शिकवलं. तार अजून भरवशाची नव्हती, तेव्हा कोणीतरी आपला दंड पुढे केला. आज माझी पोर शाळेत धावते, फुचका म्हणजे इथली पाणीपुरी खाते, माझ्याशी भांडते, ते त्यांच्यामुळे. माशीमा बंगाली वर्तमानपत्रातली कात्रणं जपून ठेवतात आणि लेक मला ती मराठीत वाचून दाखवते. मूलपेशींपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार करून काही रुग्णांच्या शरीरात सोडल्यात, त्यांतल्या काहींची इंजेक्शनं थांबलीयत, असं परवाच्या कात्रणात होतं. ते आमच्यापर्यंत कधी येईल, असं मी विचारलं नाही. वेळापत्रक मागायची माझी सवय आता थोडी सुटलीय.

या वर्षीही आरती लांबलीच. पण गुळाची एक वाटी लेकीच्या हातात आधीच होती, इन्सुलिन पान समोर आल्यावर दिलं, आणि टोपली मी ठेवलीच नाही.

दर दहा दिवसांनी सेन्सर बदलावा लागतो. नवा लावला की पहिले दोन तास तो तयार होत असतो, तेवढा वेळ आकडा येत नाही. आम्ही त्या वेळात बोट टोचून साखर बघतो, काळजीचं काही नसतं, हे माशीमांनाही ठाऊक आहे. तरी त्या दिवशी त्या कठडा धरून, एकेक पायरी चढून वर येतात. लेक गृहपाठ करत असते. बायको चहा ठेवते. मी त्यांच्यासाठी पंख्याखालची मऊ खुर्ची पुढे करतो, पण ती लेकीच्या मागच्या बाजूला पडते, म्हणून त्या तिथे बसत नाहीत. जेवणाच्या टेबलाची कडक खुर्ची ओढून घेतात, लेकीच्या अगदी समोर ठेवतात, आणि आकडा येईपर्यंत तिच्या चेहऱ्याकडे बघत बसतात.