थोरल्याचा गळा

माझा थोरला भाऊ चांदवडजवळच्या आमच्या गावात कांद्याची शेती करायचा आणि एकादशीला देवळातल्या भजनात गायचा. मी नाशिकला कारखान्यात नोकरीला. मला गाणं कधी जमलं नाही. शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवायचो. भाऊ गेला तेव्हा पंचेचाळीसचाही नव्हता. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वर्षश्राद्धाला दुपारी भजनी मंडळ गावच्या घरी आलं. दोन अभंग झाले आणि पेटीवाल्यानं भाऊच्या आवडत्या गवळणीचे सूर धरले. म्हणणारं कोणी नव्हतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही सुरू करा, आम्ही घेतो सांभाळून."

नाही म्हणणं बरं दिसेना म्हणून मी तोंड उघडलं. पहिल्याच ओळीला पखवाजवाल्याचा हात थबकला. बाहेर पडला तो आवाज माझा नव्हता. भाऊला लहानपणी दमा होता, त्यामुळे ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी तो थांबून श्वास घ्यायचा. माझाही श्वास तिथंच अडला. शेवटचं कडवं मला पाठ नव्हतं, तरी एकेक शब्द बिनचूक आला. मला थांबता येईना.

भांडी घासत असलेली वहिनी राखेचे हात घेऊन दारात आली. ती माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत होती.

गवळण संपली. कोपऱ्यात खाटेवर माझे वडील बसले होते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेलेली. त्यांनी हात पुढे केला.

"आलास का? हिरीवरची मोटार बंद केली का?"

"केली," मी म्हणालो. तसं म्हणायला नको होतं.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, नाना त्यांचीच वाट बघत्यात. तुमचा आवाज आला तर दोन घास तरी खातील." मग रोज संध्याकाळी ती फोन लावून द्यायची. साठवणीच्या चाळीतला कांदा सडतोय का, पाणी दिलं का, नाना विचारायचे आणि मी भाऊ होऊन उत्तरं द्यायचो.

नाशिकच्या घरी दार लावून मी ती गवळण म्हणून पाहिली. माझाच फाटका आवाज निघाला, कडवंही आठवलं नाही. पण एक दिवस बायको भाजी निवडताना म्हणाली, "फोन ठेवल्यावरही तुम्ही हल्ली तसंच बोलता."

"तसं म्हणजे?"

"शेवटच्या शब्दाआधी थांबता."

मला पत्ताच नव्हता. त्यानंतर कारखान्यातही कोणाशी बोलताना मी भीतभीत बोलू लागलो. रविवारी सरळ गावी गेलो आणि नानांच्या खाटेवर बसलो.

"नाना, मी धाकटा. फोनवर रोज मीच असतो."

"ठावं हाय मला," नाना म्हणाले. "डोळं गेलं, कान नाय गेलं. थोरला माझ्याशी इतकं गोड कधी बोलला नाय. पाण्यावरून भांडायचा."

"मग तुम्ही बोलत का राहिलात?"

"तुला बरं वाटत आसंल म्हून."

मग माझा हात चाचपडत म्हणाले, "फोनवर तू व्हतास. गवळणीत मात्र तोच व्हता. त्यात मी चुकायचो नाय."

फोन अजून चालू आहेत. आता मी माझ्या आवाजात बोलतो आणि नाना माझ्याशीही भांडतात. एकादशीला मी गावी जाऊन देवळात तीच गवळण गातो. भाऊचा आवाज तिथंच येतो, आणि दर खेपेला येतो. एकादशीच्या दुपारी वहिनी शेतात निघून जायची.

गेल्या एकादशीला ती गेली नाही. देवळाच्या पायरीवर लसूण सोलत बसली आणि गवळण शेवटपर्यंत ऐकली. मग पदराला हात पुसत उठली.

"भाऊजी, चहा घेऊनच जा."

हो म्हणायला माझी जीभ उचलेना. शब्द कोणाच्या आवाजात निघेल, याचा भरवसा नव्हता. मी नुसती मान हलवली.