तळ्याचा रिकामा फोटो

चवदार तळ्याचा एक तरी झकास फोटो आपल्या नावावर असावा, ही माझी जुनी हौस. महाडात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून बायकोची बोलणी खायची, एवढीच माझी फोटोग्राफी. तळ्याचे फोटो ढीगभर काढले, पण दरवेळी मध्ये माणसं यायची आणि मी चरफडायचो.

मग एनडी फिल्टर घेतला. लेन्सवर बसवायची ही काळी काच उजेड इतका अडवते की भर दिवसा शटर तीन-तीन मिनिटं उघडं ठेवता येतं. पाणी सायीसारखं गुळगुळीत दिसतं, आणि हलती माणसं फोटोत उमटतच नाहीत. मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता.

मार्चमध्ये सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी गावोगावची माणसं तळ्यावर येतात, त्या दिवशी सकाळीच ट्रायपॉड लावून बसलो. गर्दी अजून विरळ होती. पोलादपूरकडचा माझा शाळासोबती दरवर्षीप्रमाणे आईला घेऊन आला.

"मी पान्यात हात घालीन ना, तवा माझा फोटू काड रे," मावशी म्हणाल्या.

फिल्टर काढायचा, पुन्हा सगळं जुळवायचं, तोवर उजेड बदलायचा. मला कंटाळा आला. "हो मावशी, जा तुम्ही," म्हणालो आणि माझ्याच फोटोसाठी शटर उघडलं. मावशी वाकल्या, ओंजळ भरली, थोडं पाणी प्यायल्या, उरलेलं डोळ्यांना लावलं आणि वर आल्या.

"झाला काय रं?"

"झाला. मस्त आलाय."

सरळ खोटं बोललो. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या कुणाला पाण्यावर अडवलं नव्हतं, म्हणून मला ते तळं नुसतं सुंदर दिसलं. माणसं मला अडचण वाटली. याची आज लाज वाटते.

फोटोचं कौतुक झालं. 'किती शांत!' असं जो तो म्हणाला. मी तो मोठा करून हॉलमध्ये लावला.

यंदा मावशी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ठेवायला फोटो हवा म्हणून मित्र घरी आला. आधार कार्डावरचा सोडला तर त्यांच्याकडे आईचा एकही फोटो नव्हता. मी भिंतीकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फोटोजवळ जाऊन वाकला. तळाच्या पायरीवर एक ओला डाग होता. मावशींच्या ओंजळीतून सांडलेलं पाणी. त्या निघून गेल्या तरी ते हललं नव्हतं, म्हणून तेवढं उमटलं होतं.

त्याने त्यावर बोट ठेवलं.

"आई गावभर सांगायची," तो म्हणाला, "तळ्यावर पानी पितानाचा माझा फोटू हाय म्हणून."