बेचाळिसावं 'बरं'

शब्दकोशाच्या कार्यालयात बाईंना 'बरं' हा शब्द दिला तेव्हा संपादक म्हणाले होते, "दोन दिवसांचं काम आहे. मग 'बरगडी' घ्या." त्याला अकरा वर्षं झाली. बरगडी अजून ताटकळत होती.

दोष बाईंचा नव्हता. शब्दच घरजावयासारखा निघाला. एकदा आत आला की हलायचं नाव नाही. 'बरं' म्हणजे हो. 'बरं' म्हणजे नाही, पण भांडायला वेळ नाही. 'बरं' म्हणजे पुढे सांग, आणि 'बरं' म्हणजे आता पुरे कर. एकेका अर्थाची एकेक चिठ्ठी, अशा एक्केचाळीस झाल्या. कार्यालयात तर लोक आकडेच बोलू लागले. चहा सांगितला की शिपाईकाका म्हणत, "बरं, एकोणीस." म्हणजे चहा येणार, पण आज नव्हे. घरी नवरा "बरं" म्हणून वर्तमानपत्रात डोकं घाली, की बाई आतून विचारत, "कितवं?"

सोमवारी 'ब' छापायला जायचा होता, आणि नेमकी त्याआधीच माशी शिंकली. बाईंची एकुलती एक लेक चार महिन्यांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली होती. बुधवारी बाईंनी तिला फोनवर नेहमीचंच सांगितलं: वेळेवर जेव, दाराला आतून कडी लाव. ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या चाळल्या. ते 'बरं' कुठेच बसेना. बाईंना पहिल्यांदाच शंका आली, माणसाला भाषा मिळाली ती सांगायला की झाकायला?

शुक्रवारी त्या संपादकांपुढे उभ्या राहिल्या. "सर, लेकीच्या तोंडी बेचाळिसावं सापडलंय. पण अर्थ कळत नाही."

"पोरगी बरी आहे ना? मग झालं."

"तेच तर कोशात नाही."

तातडीची बैठक बसली. बाईंनी ते 'बरं' म्हणून दाखवलं.

"नऊ. नाइलाज," टंकलेखिका म्हणाली.

"छे हो, तेहेतीस. दूध उतू चाललंय," शिपाईकाका म्हणाले.

"दूध उतू जाताना इतकं सावकाश कोण बोलतं, काका?"

संपादकांनी मान हलवली. "बाई, तुम्ही आईच्या आवाजात म्हणताय. मूळ पुरावाच ऐकायला हवा."

फोन टेबलावर ठेवून लावला गेला. सगळे वाकले.

"अगं, जरा 'बरं' म्हण."

"का?"

"कामासाठी."

"आई, तू ना... बरं!"

"सदतीस," तिघं एकदम कुजबुजले. आईपुढे कुणाचं चालत नाही, ते सदतीस.

"हे नव्हे गं. बुधवारचं म्हण."

"बुधवारचं आज कसं म्हणू?"

"तेव्हा काय करत होतीस, तेच करत म्हण."

बाई फोनवर आणखी वाकल्या.

"आई, तेव्हा मी रडत होते."

शिपाईकाका खिडकीबाहेर बघू लागले. संपादकांनी पेनाचं टोपण काढलं. "नाकातून की गळ्यातून, तेवढं विचारा."

"कोण आहे गं तिथे?"

"कुणी नाही, शब्दकोश आहे. तू बोल."

"काही झालेलं नाही. सगळे इतकं नीट बोलतात इथे. चार महिन्यांत मला कुणी एकदासुद्धा कार्टे म्हटलं नाही."

"कार्टे," बाई म्हणाल्या, "संध्याकाळच्या गाडीने येतेय मी."

फोन बंद झाला तोवर संपादकांची चिठ्ठी तयार होती: 'बरं (४२). रडू लपवताना काढलेला उद्गार. मुख्यतः मुली आयांशी वापरतात.'

"सही करा, 'ब' सुटेल."

बाईंनी चिठ्ठीची घडी घालून ती पर्समध्ये टाकली. "ही छापायची नाही."

"अहो, अकरा वर्षांत इतका स्वच्छ अर्थ मिळाला नाही!"

"म्हणूनच. आपले सगळे खंड तिच्याकडे असतात, मीच पाठवते. हे वाचलं की कार्टी 'बरं' टाकून दुसऱ्या कुठल्यातरी शब्दामागे लपेल. आणि तो शोधायला माझ्याकडे आणखी अकरा वर्षं नाहीत, सर."