इंजिनात अजून जीव होता

त्या बेकरीत भट्टी नवऱ्याची आणि रस्ता बायकोचा, अशी वाटणी लग्नानंतर थोड्याच वर्षांत होऊन गेली होती. नवऱ्याला स्टिअरिंग हातात घेतलं की घाम फुटायचा, आणि तिला मैदा मळताना जांभया यायच्या. मग तो पाव भाजायचा आणि ती ते जुन्या व्हॅनमधून पोचवायची. गल्लीत तिला सगळे ‘पायलट’ म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, पुढे सवयच झाली.

व्हॅन दुसऱ्याच्या हातून आलेली, जागोजागी पोचे पडलेली. पण टेकडीवरच्या दवाखान्याचा सकाळचा पाव तिच्यातूनच जायचा, आणि तिथला चढ असा, की चांगल्या चांगल्या गाड्या अर्ध्यावर धापा टाकत.

एकदा डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. इंजिन गार असताना काही नाही. चढ संपवून दवाखान्याच्या फाटकाशी गाडी नुसती उभी राहिली, की दिवा लागे. रेस दिली की विझे. तिने पट्टी काढून तेल पाहिलं, ते भरपूर होतं. नवरा म्हणाला, दिवाच म्हातारा झाला असेल. पण एके सकाळी उतारावर इंजिनातून बारीक टकटक ऐकू आली, तशी तिने गाडी कडेला घेऊन तिथल्या तिथे बंद केली. जमलेल्या लोकांनी चालू करून बघा म्हणून कितीही सांगितलं तरी पुन्हा किल्ली फिरवली नाही. दोर लावून व्हॅन गॅरेजपर्यंत ओढत आणली.

गॅरेजवाले काका तिच्या वडिलांच्या वयाचे, बोलायला कंजूष. त्यांनी क्षणभर इंजिन चालू करून कान लावून ऐकलं आणि मान हलवली. जुनं इंजिन, आतली बेअरिंगं झिजली असणार. जाड तेल घातलं तर चार दिवस ढकलता येईल, पण मग राम राम. नवऱ्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. नाहीतरी आपण पांढरा हत्तीच पोसतोय, आता भंगारवाल्याला बोलावू, असं तो म्हणाला.

दिवा खोटं बोलत असेल तर, असं तिने विचारलं. काकांनी इंजिनावरचा दिव्याचा स्विच काढून त्या जागी तेलाचा दाब दाखवणारं काट्याचं मीटर जोडलं. इंजिन गार होतं तोवर काटा ऐटीत उभा होता. तापत गेलं तसा तो खाली खाली आला आणि तळाशी जाऊन बसला. दिवा खरं तेच सांगत होता.

“आता तरी पटलं?” नवऱ्याने विचारलं.

काका मात्र रेस वाढवून बघत होते. काटा वर चढला, आणि रेस आणखी वाढवताच थरथरत परत खाली आला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. नुसती झीज असती तर काटा असा घसरला नसता, ते स्वतःशीच पुटपुटले. पंपालाच तेल कमी पडतंय की काय.

तिने तेवढं पकडलं. “काका, माणूस गेला म्हणायच्या आधी नाडी बघतात ना? खालचं तेलाचं चेंबर उघडा. आत काही उरलं नसेल, तर भंगारवाल्याला मी स्वतः बोलावते.”

चेंबर उतरलं. तळाशी काळा चिखल साचला होता, आणि पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती जाळी जवळजवळ बुजली होती. आधीच्या कुणा कारागिराने चेंबरचा सांधा बसवताना गळती रोखणारी पेस्ट हात सोडून थापलेली. तिचे तुकडे सुटून जाळीत अडकले होते.

“याचा कुणीतरी गळा आवळला होता,” काका म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांत हसले नसावेत तसे हसले.

बेअरिंगांवर ओरखडे होते, पण ती ज्या दांड्यावर बसतात त्या क्रँकवरून नख फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. म्हणजे इंजिन न उतरवताही काम होणार होतं. खालूनच नवी बेअरिंगं बसली, नवा पंप आणि नवी जाळी बसली. चेंबर तिने स्वतः डिझेलने घासून लख्ख केलं. काका नको म्हणत होते, तिने ऐकलं नाही. योग्य तेल पडलं, फिल्टर बदलला.

खरी परीक्षा टेकडीची होती. काकांनी मीटरची नळी लांबवून केबिनमध्ये आणून दिली. मागे पाव भरले होते, आणि ज्याला गाडीचीच धास्ती, तो नवरा आपण होऊन शेजारी चढला. मीटर मांडीवर घेऊन तो असा बसला, जणू तान्हं मूल सांभाळतोय. चढावर इंजिन घुमलं. काटा हलला नाही. शेवटच्या वळणावर तिने गिअर बदलला, नवऱ्याने मीटर घट्ट धरलं, आणि काटा तिथेच राहिला.

फाटकाशी तिने गाडी उभी केली. तापलेलं इंजिन संथ धडधडत होतं, टकटक नाही, लाल दिवा नाही. दोघं काट्याकडे बघत राहिले.

“सरदारासारखा उभा आहे गं,” तो हळूच म्हणाला.

तिने हॉर्नवर हात ठेवला आणि इतका लांब दाबला, की दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली माणसं हातातलं काम टाकून बाहेर आली. वाफ निघणारे पाव नेहमीच्या वेळेला आले होते. ती खाली उतरली, पोचा पडलेल्या दारावर दोनदा थाप मारली, आणि पहिला ट्रे स्वतः खांद्यावर घेऊन ताठ मानेने पायऱ्या चढली.