अण्णांचा चष्मा
सोलापुरात सुनेनं शेंगदाणा चटणीचा डबा उघडला आणि वासासरशी मी मोहोळच्या घरात पोचले. माझे वडील, अण्णा, गणिताचे मास्तर होते. त्यांचा चष्मा सारखा हरवायचा आणि संशय माझ्या धाकट्या बहिणीवर, शकूवर यायचा. तिला सगळे मंदबुद्धी म्हणत. एकदा मी तिला चटणीच्या डब्यातून चष्मा काढताना पकडलं.

"तूच लपवतीस व्हय?"

"न्हाय गं आक्का. अण्णाच ठिवत्यात आन् इसरत्यात. मी गुपचूप जाग्यावर ठिवती."

मी तिला अण्णांपुढं उभं केलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. "तिनंच घेतला," ते म्हणाले. शकूनं चष्मा पदरानं पुसून त्यांच्या हातात दिला. मला अण्णांचंच खरं वाटलं.

हल्ली माझी किल्ली सापडत नाही, तेव्हा मी आधी सुनेकडं संशयानं बघते. ती किल्ली आणून देते. कुठं होती, हे विचारायचं धाडस मला होत नाही.