स्लाइडवरची ओटी

आमची कंपनी न्यूझीलंडमधल्या पोरिरुआहून चीनला दूध पावडर पाठवते. त्यामुळे दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आम्हाला चिनी भाषा आणि चालीरीती शिकवायला एक गोरा सल्लागार येतो. भाषा मला आवडली, मन लावून शिकले. त्याच्या चालीरीतींच्या तासाची मात्र शिसारी बसली. कार्ड दोन्ही हातांनी घ्या, पाहुणा 'नको' म्हणाला तरी आग्रह करा, थोरांना मान द्या. आमच्याकडे हे पोरांना धपाटे घालून शिकवतात. हा प्रत्येक गोष्टीचा फायदा सांगायचा, थोरांना मान दिला की सौदा लवकर होतो म्हणे. देखल्या देवा दंडवत, तोही देव गिऱ्हाईक असेल तरच!

ग्वांगझूहून खरेदीदार बाई येणार असं ठरलं आणि बॉस माझ्या टेबलाशी आला. "तुझी मम आलीय ना इंडियाहून? मग डिनर तुझ्याकडेच. ओल्ड पीपलना ते लोक हीप्स रिस्पेक्ट देतात." माझी आई म्हणजे टेबलावर मांडायची फुलदाणीच जणू. इतकी चीड आली, पण नोकरी करायची होती. हो म्हणाले.

आईला यातलं काही सांगितलं नाही. बाबा गेल्यावर ती अप्पर हटला आमच्याकडे राहायला आली होती आणि दिवसभर घरात एकटी असायची. पाहुणी येणार म्हटल्यावर तिनं खपून पुरणपोळ्या केल्या, बॅगेतून कोरा ब्लाउजपीस काढला. परमुलखातली सवाष्ण, तिची ओटी भरायलाच हवी म्हणाली. भरायची मी. विधवेनं ओटी भरायची नाही, ही आमच्या घरातली घाण चाल. मला तिची किळस येते. पण आई स्वतःहूनच बाजूला सरते, तिथे माझं काही चालत नाही.

बॉसच बाईंना घेऊन आला. बाई पन्नाशीच्या होत्या. पोटभर जेवल्या, आईला स्वतःच्या हातानं पोळी वाढली. निघताना मी त्यांना कुंकू लावलं, नारळ, तांदूळ आणि ब्लाउजपीस पुढे केला. त्या "नको, नको" म्हणत राहिल्या, मी तासाला शिकवल्याबरहुकूम आग्रह करत राहिले. शेवटी त्यांनी दोन्ही हात पुढे केले, पण आईकडे वळून. घरात थोरल्या असताना त्यांच्या हातूनच घेणार, असं चिनीत म्हणाल्या.

मी आईला ते सांगितलं. ती मागे सरली. "अगं, मी कशी भरणार? सांग ना त्यांना."

मला चिनीत कंटेनरचा भाव सांगता येत होता. हे सांगायला शब्द नव्हते, आणि असते तरी सांगितलं नसतं. बाईंचे हात तसेच पसरलेले होते.

"भर आई," मी म्हणाले.

आईनं ओटी भरली. थोडे तांदूळ खाली सांडले. बाईंनी मान लववली तसा आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो काही केल्या उचलेना. मला रडू फुटणार, एवढ्यात बॉसच्या फोनचा फ्लॅश चमकला.

पुढच्या बुधवारी तोच फोटो भिंतीवरच्या स्लाइडवर. आईच्या हातांवर लेझरचा लाल ठिपका फिरवत सल्लागार म्हणाला, "हे बघा, जेन्युइन इमोशन!" ऑर्डर मिळाली होती, त्यामुळे बॉसही खुशीत होता. "स्वीट ॲज!" म्हणजे इथलं 'झकास'. "मार्चमध्ये शांघायच्या बायका येतायत. ते कोकोनटचं पुन्हा करू."

"मार्चमध्ये आई नसेल," मी ताडकन म्हणाले. तिचं परतीचं तिकीट त्याआधीचं होतं. या माणसाला पुन्हा घरात पाऊल ठेवू द्यायचं नाही, असं ठरवूनच घरी आले.

आई दारातच उभी होती. तिनं बॅगेतला दुसरा ब्लाउजपीस काढून इस्त्री करून ठेवला होता.

"आणखी कुणी चिनी बायका येणार आहेत का गं तुमच्याकडे? असल्या तर मी तिकीट पुढे ढकलते," ती म्हणाली. "आपल्यातल्या कुणी माझ्या हातून घ्यायच्या नाहीत."

मी चपला काढल्या, तिथेच बाकावर बसले आणि बॉसला मेसेज केला, की मार्चमध्ये मम असेल.