संघपाल ब्राझीलचा न दिलेला गोल

आमच्या संघपालला उभं सोलापूर ब्राझील म्हणतं. उभं म्हणजे आमच्या गल्लीतलं. खुद्द ब्राझीलनं त्याला पाहिलेलं नाही, तो त्यांचा तोटा. आईनं, मीनाबाईंनी, पोलक्याच्या उरलेल्या पिवळ्या कापडातून त्याला बनियन शिवून दिलं, एवढीच काय ती त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द. पण गोलासमोर त्याच्या पायात चेंडू आला की आम्ही मागचे लोक खुशाल तंबाखू मळायला घ्यायचो.

एकोणनव्वद साली तालुक्यातल्या एका गावात, त्याच गावच्या संघाशी आमचा अंतिम सामना होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी सासुरवाडी आहे. जिंकणाऱ्या संघातल्या एकाचं नाव राज्याच्या निवड चाचणीला जाणार होतं. गोलांना जाळ्या नव्हत्या, पण सोलापूरकडची माणसं त्यावाचून अडतात होय! संयोजकांनी जाड चादरी जोडून खांबांमागे चांगल्या ताठ ताणून बांधल्या. शेवटच्या पाच मिनिटांत संघपालनं असा चेंडू हाणला की तो चादरीवर आपटून थेट मैदानात परत आला. पंच होते रावसाहेब सर, आमच्याच शाळेतले. त्यांनी हात हलवले. खांबाला लागला म्हणे, खेळा पुढं. सामना बरोबरीत सुटला, नाणेफेकीत आम्ही हरलो आणि चाचणीला त्यांचा गोलकीपर गेला.

संघपाल चावीवाला झाला. पस्तीस वर्षं त्यानं वॉर्डावॉर्डात नळाला पाणी सोडलं. त्याच्या पायाकडे राज्यानं बघायचं राहिलं, हातातल्या चावीकडे मात्र बायका घागरी घेऊन डोळे लावून बसायच्या. प्रसिद्धीच हवी असेल तर तीही काही कमी नव्हे.

सरांवर त्याचा राग नव्हता. माझा होता, अजून आहे. तो म्हणायचा, "डोळ्यावर ऊन व्हतं. दिसला न्हाय सरांना. मानूसच हाय की!" दर रविवारी दोघं टपरीवर चहा प्यायचे. लेकीच्या, साक्षीच्या लग्नात त्यानं सरांना पहिल्या रांगेत बसवलं. सरांनी एकदा तोंडानं "गोल होता" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा. सर मिशीत हसायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे.

यंदा तो निवृत्त झाला. आम्ही जुन्या खेळाडूंनी बुद्धविहाराच्या सभागृहात सत्कार ठेवला. सर आता ऐंशीचे. माईक धरून म्हणाले, "आज खरं सांगतो. गोल होता. चेंडू आत गेलेला मी स्वच्छ बघितला होता. पण गाव त्यांचं, गर्दी त्यांची. गोल दिला असता तर मला एसटीत कुणी चढू दिलं असतं का?"

सभागृह खो खो हसलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या, आता सांगायला लाज वाटते.

संघपाल हसला नाही. त्याला हवा होता तो गोल पस्तीस वर्षांनी मिळाला होता. सरांचा तोल जात होता म्हणून त्यानंच उठून त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. मग त्यांच्याकडे न बघता हळूच म्हणाला,

"दिसला न्हाय, असं म्हनायचं व्हतं की, सर."